स्वस्त स्क्रूचे पाकीट : कुठे चालेल, कुठे चालणार नाही

(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. भाषण : कृषी विस्तार अधिकारी, दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर)



रब्बीची ज्वारी घरात आली, हरभरा निघाला, तूर दुधनीच्या बाजार समितीत विकून झाली. आता मृगापर्यंतचे दिवस म्हणजे घरदुरुस्तीचे दिवस. कुणाच्या दाराची बिजागरी ढिली झालेली असते, कुणाला भांड्यांसाठी फळी ठोकायची असते, कुणाला गोठ्यावर चार पत्रे वाढवायचे असतात. या सगळ्या कामांत सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त वस्तू कोणती? स्क्रू. आज त्याच्याविषयीच आपण बोलणार आहोत.

कृषी खात्याच्या माणसाने बी-बियाणे सोडून स्क्रूवर काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण वळवाच्या वाऱ्यात गोठे उडतात तेव्हा पंचनाम्याच्या वेळी आम्ही तिथे असतो. तिथे पाहिले तर पत्रा पुष्कळदा शाबूत असतो, खालचा लोखंडी पाईपही शाबूत असतो. हात सोडलेला असतो तो या दोघांना धरून ठेवणाऱ्या स्क्रूने. हजारोंचा पत्रा, त्याखाली दोन म्हशी, आणि सगळा भार चार-दोन रुपयांच्या वस्तूवर. म्हणून हा विषय घेतला.

पाकीट स्वस्त का असते?

दुकानात गेलात की काउंटरवरच एक पाकीट किंवा प्लॅस्टिकची डबी टांगलेली दिसते. आत लहान-मोठे, जाड-बारीक, पांढरे-पिवळे-काळे असे सगळ्या जातींचे शंभरेक स्क्रू. संवाद साधारण असा होतो :

"अण्णा, दाराला स्क्रू द्या."

"किती नंबरचे, मालक?"

"नंबर काय सांगू? दाराचे द्या की."

"मग हे मिक्स पाकीट न्या. सगळ्याला चालतं."

इथेच फसगत होते. सगळ्याला चालणारा स्क्रू नसतो, जसे सगळ्या जमिनीला चालणारे बी नसते.

स्क्रू कसा तयार होतो ते थोडक्यात बघा. पोलादी तारेचे तुकडे करतात, एका टोकाला दाबून डोके घडवतात, मग दोन साच्यांमध्ये लाटून आटे पाडतात. गरजेप्रमाणे तापवून त्याला कठीणपणा देतात आणि शेवटी गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. पैसे वाचवायचे तर यातल्या प्रत्येक पायरीवर वाचवता येतात. तार नरम घ्यायची, झिजलेला साचा बदलायचा नाही, तापवण्याचे काम उरकून टाकायचे, मुलामा पातळ द्यायचा. नवा असताना असा स्क्रू चकचकीतच दिसतो. दोष कळतो तो पेचकस लावल्यावर, नाही तर पहिल्या पावसाळ्यानंतर.

म्हणजे सगळी स्वस्त पाकिटे टाकाऊ असतात का? तसे मुळीच नाही. काही पाकिटांत निम्म्याहून अधिक माल कामाचा निघतो. पण तो निवडून घ्यावा लागतो, आणि कुठे वापरायचा हे ठरवावे लागते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आधी निवड, मग वापर

सोयाबीन पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघतो. सत्तर दाणे उगवले तर बी पेरण्यालायक, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते किंवा बी बदलावे लागते. स्क्रूचेही तसेच करावे. भगिनींनो, तुम्ही डाळ निवडता तसे पाकीट ताटात ओता आणि पुढील पाच गोष्टी तपासा.

१) डोक्याची खाच बघा. खाच मधोमध, खोल आणि सरळ कडांची हवी. एका बाजूला सरकलेली किंवा उथळ खाच असेल तर पेचकस निसटतो, खाच गोल होते, आणि स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो.

२) काचेवर किंवा फरशीवर लोटून बघा. सरळ स्क्रू एकसारखा लोटतो. वाकडा असेल तर लटपटतो.

३) आटे बघा. नखाने चाचपल्यावर धार लागली पाहिजे. आटे टोकापासून सलग हवेत. मध्येच बुजलेले किंवा चपटे आटे लाकूड धरत नाहीत.

४) चुंबक लावा. पितळेचा म्हणून घेतलेला पिवळा स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटला, तर तो लोखंडाचा असून वर नुसता पिवळा मुलामा आहे असे समजावे. खरे पितळ चुंबकाला चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा चांगला स्क्रूही चिकटत नाही, फार तर किंचित ओढला जातो.

५) मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात दोन स्क्रू रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी लाल गंज दिसला तर तो माल पावसात किंवा गोठ्यात वापरू नका. घरात कोरड्या जागी चालेल.

यानंतर पाकिटातले पाच स्क्रू जुन्या फळीत योग्य भोक पाडून बसवा, काढा, पुन्हा बसवा. तीन वेळा बसवून-काढून खाच शाबूत राहिली तर माल बरा आहे. पाचांपैकी दोन मोडले किंवा खाच गेली तर उरलेल्या पाकिटावर विश्वास टाकू नका.

आता हिशोब करा. समजा, शंभर स्क्रूंचे पाकीट शंभर रुपयांना घेतले. त्यातले तीस टाकाऊ निघाले आणि तीस तुमच्या मापाला येईनात. म्हणजे कामाचे चाळीसच. एक स्क्रू अडीच रुपयांना पडला. तेवढ्यात नंबर सांगून, हव्या त्या मापाचे चांगले स्क्रू सुटे मिळाले असते. स्वस्ताई पाकिटाच्या किमतीवरून ठरत नाही, कामाला आलेल्या नगावरून ठरते.

नंबर म्हणजे काय?

लाकडी स्क्रूला दोन मापे असतात, लांबी आणि जाडी. जाडी नंबरात सांगतात. ६ नंबर म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे सव्वाचार, १० नंबर म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर. नंबर वाढला की जाडी वाढते. लांबीसाठी सोपा नियम असा की, जी फळी बसवायची तिच्या जाडीच्या तिप्पट लांबीचा स्क्रू घ्यावा, म्हणजे दोन हिस्से मागच्या लाकडात जातात. अर्ध्या इंचाच्या फळीला दीड इंची स्क्रू.

दाराच्या बिजागरीला सर्व स्क्रू एकाच मापाचे हवेत. मिक्स पाकिटातून दोन लांब, तीन आखूड असे लावले की भार लांब स्क्रूंवर येतो. आणि एखाद्याचे डोके बिजागरीच्या खळग्यात नीट बसले नाही तर दार पूर्ण मिटत नाही. मग आपण दार जोराने ओढतो आणि उरलेलेही ढिले होतात. दुकानात जाताना जुना स्क्रू खिशात घालून न्यावा. नंबर पाठ नसला तरी चालेल.

कुठे चालेल, कुठे नाही

घरातल्या कामांचे तीन भाग करावेत.

पहिला भाग, जिथे स्क्रू निसटला तर काही बिघडत नाही. देवाचा फोटो, कॅलेंडर, खिडकीच्या पडद्याची दोरी, मुलांच्या पाटीची चौकट, डब्याचे झाकण. इथे पाकिटातला निवडलेला माल खुशाल वापरा.

दुसरा भाग, जिथे स्क्रू निसटला तर नुकसान होते. दाराची बिजागरी, कडी-कोयंडा, भांड्यांची फळी, कपाट. इथे एकाच मापाचे, नंबर सांगून घेतलेले स्क्रू लावावेत. कडी-कोयंड्याला तर विशेष काळजी घ्यावी. कुलूप कितीही भारी असले तरी कोयंडा अर्ध्या इंची नरम स्क्रूंवर असेल, तर चोराला कुलूप फोडावेच लागत नाही.

तिसरा भाग, जिथे स्क्रू निसटला तर जीव जाऊ शकतो. छताचे पत्रे, पाळण्याचा किंवा झोपाळ्याचा हूक, छताचा पंखा, कडबा कुट्टीचे यंत्र आणि विजेची जोडणी. या पाच ठिकाणी मिक्स पाकिटातला एकही स्क्रू लावू नये.

कुट्टी यंत्राच्या पात्याला मूळ यंत्राबरोबर आलेल्या प्रतीचाच बोल्ट लागतो. चांगल्या ताकदवान बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण असते. साधा बोल्ट ४.६ प्रतीचा असतो, म्हणजे ताकद जवळजवळ निम्मी. पाते फिरत असताना बोल्ट तुटला तर पाते कुणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही. विजेच्या बाबतीतही तसेच. मोटारीच्या स्टार्टर पेटीत किंवा प्लगमध्ये वायर धरणारा पितळी स्क्रू हरवला, तर त्या जागी लोखंडी स्क्रू लावू नये. तो गंजतो, जोड ढिला पडतो, तापतो आणि ठिणगी उडते.

पत्र्याची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या अक्कलकोट भागात, आणि पलीकडे अफजलपूर-कलबुर्गीकडेही, चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस येतो तो वाऱ्यासकट. पाऊस दहा मिनिटांचा, पण वारा छप्पर उचलून नेणारा.

वारा पत्र्याला ढकलतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो पत्र्याला वरून खेचतो आणि उघड्या गोठ्यात शिरून खालून उचलतोही. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा धरा. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याला वर उचलणारा जोर साधारण ४० किलोच्या आसपास असतो. वारा दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्याच पत्र्यावर सुमारे १५० किलोचा जोर येतो. म्हणजे दीड क्विंटल. तुरीची तीन पोती खांद्यावर घेऊन उभे राहण्याइतका. हा जोर स्क्रूंमध्ये वाटला जातो. आठ चांगले स्क्रू असतील तर एकेकावर वीस किलोही येत नाही. त्यातले चार गंजलेले असतील तर बाकीच्या चारांवर दुप्पट येतो. आणि एक सुटला की शेजारचा सुटतो, ओळीने.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे पत्र्यावर दगड ठेवणे. बंधूंनो, हा उपाय नव्हे, हा दुसरा धोका आहे. दीड क्विंटलच्या जोराला पाच-दहा किलोचा दगड काय अडवणार? पत्रा हलला की तोच दगड खाली येतो, आणि उन्हाळ्यात लेकरे पत्र्याच्या आडोशालाच झोपलेली असतात. दगड उतरवा आणि स्क्रू बदला.

पत्र्यासाठी वेगळे स्क्रू मिळतात. त्यांच्या टोकाला ड्रिलसारखे पाते असते, डोके षटकोनी असते आणि खाली काळ्या रबराचा वायसर असतो. ते लोखंडी पाईपात स्वतःच भोक पाडत जातात. घेताना रबर दाबून बघा. मऊ आणि लवचिक हवे. कडक, नखाने तुकडा पडणारे रबर दोन उन्हाळ्यांत तडकते, मग पाणी आत शिरते आणि स्क्रू मुळापासून गंजतो. लाकडी वाशांसाठी लांब आट्यांचा वेगळा स्क्रू असतो, तोच मागावा. काळे, बारीक स्क्रू, जे छताच्या जिप्सम बोर्डाला लावतात, ते पत्र्याला कधीही लावू नयेत. ते कठीण असतात, पण ठिसूळ. आडवा झटका बसला की खडूसारखे मोडतात, आणि पावसात लवकर गंजतात.

बसवताना पत्र्याच्या कडा, कोपरे आणि पाखाड्याचा शेवट इथे स्क्रू दाट लावावेत, कारण वाऱ्याचा जोर तिथे सर्वांत अधिक. मध्ये थोडे विरळ चालतील. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर लावावा, खोलगटात लावला तर पाणी तिथूनच वाहते. फार आवळू नये. रबर किंचित फुगून वायसरच्या कडेपर्यंत आले की थांबावे. रबर चिरडून बाहेर आले तर समजा जास्त झाले. आणि जुन्या भोकात नवा स्क्रू ढिला बसत असेल तर दोन बोटे सरकून नवे भोक घ्यावे. जुने भोक बुजवून टाकावे.

बसवण्याची रीत

चांगला स्क्रूही चुकीच्या हाताने वाया जातो. आपल्याकडे बरेच जण स्क्रू हातोडीने पाऊणभर ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे पेचकसाने देतात. असे केले की लाकडाचे तंतू फाटतात आणि आट्यांना धरायला काही उरत नाही. तो मग स्क्रू राहत नाही, महागडा खिळा होतो.

आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने भोक पाडावे. भोक केवढे? ड्रिलची काडी स्क्रूच्या पुढे धरून बघा. स्क्रूचा मधला दांडा झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना आटे दिसले पाहिजेत. बाभळीसारख्या कठीण लाकडात हे न चुकता करावे, नाही तर नरम स्क्रू पिळवटून मान मोडतो. स्क्रूला टोक असते म्हणून भोक लागत नाही, ही समजूत चूक आहे. पूर्वीच्या स्क्रूंना टोकच नसायचे. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड कारखान्याने १८५४ साली अमेरिकन पेटंट घेऊन टोकदार स्क्रू मोठ्या प्रमाणावर काढले. टोकामुळे सुरुवात सोपी होते, भोकाची गरज संपत नाही.

आट्यांना मेणबत्ती घासावी. साबण लावू नये, साबण ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो. बाभळीच्या लाकडात तुरट द्रव्य असते. ओल लागली की लोखंडाशी मिळून काळे डाग पडतात आणि स्क्रू आतून खचतो. ओलसर जागी म्हणून जस्ताचा जाड मुलामा असलेला किंवा स्टेनलेसचा स्क्रू घ्यावा. गोठ्यात गोमूत्र आणि खोलीत रासायनिक खताची पोती असतील तर तिथेही हाच नियम. खताच्या क्षारांनी पातळ मुलामा फार दिवस टिकत नाही.

दाराचे भोक मोठे झाले असेल तर लाकडाच्या डिंकात बुडवलेल्या दोन-तीन बांबूच्या काड्या भोकात ठोकून, वाळल्यावर तिथेच स्क्रू बसवावा. सिमेंटच्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी वापरावी. पण धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे लाकडी ठोकळा भिंतीत पक्का बसवून त्यात स्क्रू घ्यावा.

काम झाल्यावर

हे ऐकून घ्या, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. मोडलेली डोकी, पडलेले स्क्रू, तारेचे तुकडे गोठ्यात राहिले तर ते वैरणीबरोबर जनावराच्या पोटात जातात. गाय-म्हैस चारा चावून निवडत नाही, आधी गिळते. टोकदार लोखंड पोटाच्या जाळीदार कप्प्यात पडते, आणि त्या कप्प्याच्या पुढेच हृदय असते. टोक आरपार गेले की जनावर खाणे सोडते, दूध आटते, पाठ कमानीसारखी करून उभे राहते, उतारावर चालायला कुंथते. अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. काम संपल्यावर काठीला चुंबक बांधून गोठ्यातून आणि गव्हाणीतून फिरवावे. पाच मिनिटांचे काम आहे. उरलेले स्क्रू झाकणाच्या बरणीत, मापवार, लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत असे ठेवावेत.

घेताना काय मागावे?

बंद पाकिटावर बनवणाऱ्याचे, भरणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. कोरे पाकीट घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोचे लाकडी स्क्रूंसाठी वेगळे मानक आहे. आयएसआय खूण असेल तर त्या मालाला पसंती द्यावी. अतिस्वस्त परदेशी मालाचा प्रश्न सरकारपुढेही आला होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने किलोला १२९ रुपयांपेक्षा कमी आयात किंमत असलेल्या काही प्रकारच्या स्क्रूंच्या आयातीवर बंदी घातली. तरी सरकारचा कायदा आपल्या गोठ्यापर्यंत येऊन स्क्रू तपासत नाही. ते आपणच करायचे. पत्र्याच्या स्क्रूची पावती जपून ठेवा. माल फसवा निघाला आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

बंधू-भगिनींनो, पैसा वाचवणे हा शेतकऱ्याचा गुण आहे. पण तो कॅलेंडरच्या स्क्रूत वाचवा, छपराच्या स्क्रूत वाचवू नका. या आठवड्यात एकदा शिडी लावून वर चढा, प्रत्येक स्क्रू हाताने हलवून बघा. शिडी धरायला मात्र खाली कुणीतरी उभे करा. जो स्क्रू हलेल तो मृगाची वाट न बघता बदला. एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.

लक्षात ठेवा

• मिक्स पाकीट ताटात ओतून निवडा. खाच, सरळपणा, आटे, चुंबक आणि मिठाचे पाणी, या पाच परीक्षा घ्या.

• जुना स्क्रू नमुना म्हणून दुकानात न्या. एका बिजागरीला एकाच मापाचे स्क्रू लावा.

• छत, पाळणा, पंखा, कुट्टी यंत्र आणि वीज, इथे पाकिटातला स्क्रू नको.

• पत्र्यावर दगड ठेवू नका. कडेला आणि कोपऱ्यात स्क्रू दाट लावा.

• स्क्रू ठोकू नका. आधी भोक, मग मेण, मग पेचकस.

• काम झाल्यावर गोठ्यातून चुंबक फिरवा.